हॅटचं लेबल नंतर वाचा, आधी फीत उचलून बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोल्हापुरातच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तपकिरी फेल्टची हॅट आहे. आतून कपाळाला लागणाऱ्या चामड्याच्या पट्टीवर 'बोर्सालिनो' असा सोनेरी ठसा, चामड्यामागच्या कागदी चिठ्ठीवर ७ हा आकडा. दुकानदार म्हणतो संस्थानकाळातली आहे, एका सिनेमावाल्याच्या वाड्यातून आली, साडेसहा हजाराच्या खाली देणार नाही. हॅटला दोन बारीक भोकं, आतलं चामडं पापडासारखं कडक आणि वास कोंदट. तुमचं डोकं ५८ सेंमी. हॅट खरी आहे का आणि घ्यावी का, हे दोन प्रश्न.

यातला पहिला प्रश्न तुम्ही जरा जास्तच मनावर घेतलाय असं मला वाटतं. मी तीसेक वर्षं नाटक-सिनेमाचा कपडेपट सांभाळतो. फेटे, पगड्या, टोप्या जास्त; पण 'साहेब', 'इन्स्पेक्टर' आणि 'चाळीस सालातला वकील' यांच्यासाठी हॅट लागतात, म्हणून त्या घेणं, धुणं, वाफेवर बसवणं हेही हाताखालून गेलंय. माझा अनुभव असा की नावाची खरी पण फेल्ट मेलेली हॅट कपाटात शोभेला राहते, आणि नाव-गाव नसलेली पण फेल्ट जिवंत असलेली हॅट वीस वर्षं डोक्यावर चालते. तुम्हाला ती घालायची आहे असं तुम्ही लिहिलंय. मग आधी फेल्ट, मग माप, मग चामडं, आणि नाव सगळ्यात शेवटी.

तरी नावाचं आधी उरकून टाकतो, नाहीतर तुमचं पुढच्या वाचनात लक्ष लागायचं नाही. बोर्सालिनो ही इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावची हॅट करणारी कंपनी, १८५७ सालची. तिचा माल जगभर जायचा, तेव्हा तो कोल्हापुरात सापडणं अशक्य अजिबात नाही. प्रभात कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. त्यानंतरही इथले स्टुडिओ चालूच होते. शिवाय दरबारचे अधिकारी, वकील, शिकारीचा नाद असलेली मंडळी होती. संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणजे 'संस्थानकाळातली' म्हणजे त्याच्या आधीची. गोष्ट बसते. पण कोल्हापुरात प्रत्येक जुन्या हॅटला एक सिनेमावाला आणि प्रत्येक जुन्या तलवारीला एक सरदार भेटतोच. गोष्टीचे पैसे देऊ नका.

ठशाचंही तसंच. डायऱ्यांवर नि लग्नपत्रिकांवर सोनेरी अक्षरं दाबणारा कोणीही चामड्यावर दाबून देईल. आणि ठसा अस्सल असला तरी ती पट्टी त्याच हॅटची कशावरून? मी स्वतः एका सडलेल्या हॅटची चांगली पट्टी काढून दुसऱ्या साध्या हॅटला शिवलीय, नाटकापुरती. ती हॅट उद्या बाजारात गेली तर माझ्याच हाताने केलेली 'अस्सल' वस्तू होईल. वयाचा थोडा अंदाज मात्र लेबलवरून येतो. दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, कारण पिनकोड तेव्हा आला. अमेरिकन पत्त्यात झिपकोड असेल तर १९६३ च्या नंतरची. संस्थानकाळ तिथंच संपला. उलट मुंबईच्या व्हाइटअवे लेडलॉ किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स अशा जुन्या दुकानांचं नाव चामड्यावर दिसलं तर गोष्टीला जरा वजन येतं. ७ या आकड्यावरून हॅट खोटी ठरत नाही. इटालियन माप सहसा सेंटिमीटरमध्ये असतं, पण इंग्रजी मापाच्या बाजारासाठी माल त्याच मापात यायचा.

आता फेल्ट. हे नीट कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्याकडं धनगराचं घोंगडं माहीत आहे, ते मागावर विणलेलं असतं, उभा-आडवा धागा असतो. पण जेन किंवा बुरणूस ही लोकरीची जाड अंथरुणं-पांघरुणं विणत नाहीत. लोकर पसरून, भिजवून, दाबून, मळून एकजीव करतात. हॅटचं फेल्ट हे त्याच जातीचं, फक्त फार बारीक कामाचं. त्यात धागा नाहीच. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, गरम पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. म्हणून फेल्टला भोक पडलं तर रफू होत नाही. रफू करायला धागा लागतो, इथं कुठून आणणार?

फेल्ट दोन प्रकारचं. मेंढीच्या लोकरीचं स्वस्त, आणि सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या पाण्याकाठच्या प्राण्याच्या मऊ केसांचं महाग. चांगल्या जुन्या हॅट दुसऱ्या प्रकारच्या. ओळखायला जाळून बघायची गरज नाही, दुकानदार बदडेल. भोवतालचा काठ अंगठा आणि दोन बोटांत धरा, डोळे मिटा. केसाचं फेल्ट पातळ असूनही भरीव लागतं, साधारण जुन्या पत्त्याच्या जाडीचं, आणि वरून गुळगुळीत. काठ हलकेच वाकवून सोडला की तो स्वतःच जागेवर जातो. लोकरीचं फेल्ट जाडसर, थोडं खरखरीत. वाकवलं की आळसटल्यासारखं तसंच राहतं, किंवा लाखेचं कांजीकाम जास्त असेल तर पुठ्ठ्यासारखं कडक वाजतं. खिशात स्वच्छ हातरुमाल असेल तर त्याचं टोक ओलं करून एकच थेंब काठाच्या खालच्या बाजूला टेकवा. केसाच्या चांगल्या फेल्टवर तो थोडा वेळ मण्यासारखा बसतो. लगेच शोषला गेला तर फेल्ट हलकं किंवा झिजलेलं. विचारून करा.

दोन्हीतला फरक मला फार महागात शिकायला मिळाला. सुरुवातीच्या काळात केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग होता, नायकाची हॅट पावसात भिजून वाकडी झालेली. मी किटलीच्या वाफेवर धरून ती ताणायला लागलो, वाळवायला हीटरजवळ ठेवली. लोकरीची होती. तिसऱ्या घंटेपर्यंत ती अठ्ठावन्नची पंचावन्न झाली. नायक रात्रभर हॅट हातात घेऊन वावरला, आणि प्रेक्षकांना वाटलं काय नम्र भूमिका केलीय! तेव्हापासून कुठल्याही हॅटला वाफ देण्याआधी मी काठ चाचपतो.

पुढची परीक्षा माझी आवडती. हॅटच्या डोक्याभोवती जी रेशमी फीत असते, तिची वरची कड नखाने जराशी, दोन-तीन मिलिमीटर, उचलून आत बघा. फितीखालचं फेल्ट उन्हापासून, हातापासून, धुळीपासून वाचलेलं असतं. एवढी वर्षं वापरात असलेल्या हॅटमध्ये तिथला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा दिसायलाच हवा. मी पाहिलेल्या एका करड्या हॅटच्या फितीखाली चक्क निळसर झाक होती. बाहेर आणि आत एकच रंग असेल तर तीन शक्यता: हॅट नवी आहे, पेटीत बंद राहिलेली आहे, किंवा मागाहून रंगवलेली आहे. रंगवलेली असली तर ओल्या रुमालाला रंग लागतो आणि फितीच्या कडेलाही तोच रंग चढलेला दिसतो.

मग भोकं. तुम्ही 'दोन' म्हणताय, कारण दोन दिसली. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन मोबाइलची बॅटरी हॅटच्या आत धरा. अस्तर मध्ये येत असेल तर ते बोटाने बाजूला सारून धरा. कसर लागलेल्या हॅटमध्ये आकाशातल्या चांदण्यांसारखे ठिपके दिसतात, जे बाहेरून दिसतच नव्हते. भोक नसलं तरी जिथं फेल्ट कुरतडून पातळ झालंय तिथं उजेड पिवळसर झिरपतो. कसरीचं उडणारं पाखरू काही खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि तिला केस, लोकर, पीस असलंच लागतं. ती अजून आत आहे का, हे बघायला चामड्याची पट्टी खाली पाडा, म्हणजे हॅटच्या बाहेर उलटवा, आणि त्या खाचेतलं पडेल अशी हॅट पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. बारीक वाळूसारखे कण पडले आणि त्यांचा रंग फेल्टसारखाच तपकिरी असला, तर ती वाळू नाही, अळीची विष्ठा आहे. जे खाल्लं त्याच रंगाची पडते.

हेच करताना राखाडी, पिठासारखा गाळ पडला तर विषय वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय. पुरातून निघालेल्या वस्तू धुऊन-पुसून बाजारात येतात. बाहेरून हॅट स्वच्छ करता येते, पण पट्टीच्या आतल्या शिवणीतला गाळ कोणी काढत बसत नाही. कोंदट वास तुम्ही म्हणताय म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कशालाही तो वास येतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण गाळ असेल तर मी हात लावत नाही.

समोरच्या चिमट्याकडेही बघा, म्हणजे डोक्याच्या पुढच्या भागात दोन बाजूंनी बोटं दाबून जी खोबण केलेली असते तिच्याकडे. लोक हॅट तिथंच धरून काढतात-घालतात, त्यामुळे पन्नास वर्षांनी तिथं फेल्ट फाटतं. बारीक केसभर चीर दिसली तरी ती वाढणारच. भोकं फितीखाली असतील तर माफ, काठावर असतील तर निम्मी किंमत, चिमट्यात चीर असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

चामडं पापडासारखं झालंय असं तुम्ही लिहिलंत, तिथं मला खरं तर बरं वाटलं. का ते मापाशी जोडून सांगतो. ब्रिटिश ७ म्हणजे ५७ सेंमी. अमेरिकन ७ म्हणजे साधारण ५६. दोन्हींत एक अष्टमांशाचा फरक असतो. तुमच्या ५८ ला ब्रिटिश ७ १/८ किंवा अमेरिकन सव्वासात लागेल. म्हणजे चिठ्ठीवरचा सात ब्रिटिश असेल तर तुम्ही एका सेंटिमीटरने मोठे, अमेरिकन असेल तर दोनने. एक सेंटिमीटर केसाच्या फेल्टमध्ये वाफेने, सावकाश, लाकडी साच्यावर मिळवता येतो. दोन मिळत नाहीत. ओढाल तर काठ लाटांसारखा होतो. अडचण अशी की फेल्ट ताणतं, जुनं चामडं ताणत नाही, ते शिवणीत फाटतं. पण तुमच्या हॅटचं चामडं तसंही गेलेलं आहे. ते काढायचंच आहे, मग मोकळ्या फेल्टला ताणायला कसली भीती? वर नवी पट्टी थोडी पातळ घातली की अजून थोडी जागा मिळते.

म्हणून चिठ्ठीवर विसंबू नका, शिंप्याची टेप घेऊन जा. चामड्याच्या आतून एकदा मोजा, मग पट्टी खाली पाडून फेल्टच्या आतून एकदा. जुनं चामडं वाळून आकसतं आणि फेल्टलाही आत ओढतं. काठ जिथं डोक्याला मिळतो तिथं बारीक चुण्या पडल्या असतील तर हेच झालंय. अशी हॅट पट्टी काढल्यावर काही मिलिमीटर आपणहून मोकळी होते. फेल्टचं माप ५७ च्या आसपास आलं तर पुढं जा. ५६ आलं आणि चुण्या नसल्या तर ती तुमची हॅट नाही, कितीही देखणी असो.

चामडं वाचवायच्या फंदात पडू नका. बोटाला लालसर भुकटी लागत असेल तर ते चामडं आतून कुजलंय, त्याला कुठलंच तेल परत आणत नाही. मी एकदा खोबरेल तेल लावलं होतं. चामडं दोन दिवस मऊ राहिलं, मग तेल फेल्टमध्ये उतरलं आणि कपाळाच्या वर एक गोल डाग कायमचा बसला. नवी पट्टी आपल्याच गावात होते. चप्पल करणाऱ्या कारागिराकडे जा, पण त्याला चपलेचं चामडं वापरू देऊ नका; ते जाड आणि कडक, कपाळ सोलून काढेल. मेंढीचं किंवा शेळीचं अस्तराचं पातळ चामडं मागा, आणि शिलाई जुन्याच भोकांतून हाताने घालायला सांगा. नवीन भोकं पाडली तर फेल्ट तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. जुनी पट्टी ठसा-चिठ्ठीसकट पाकिटात जपून ठेवा. पट्टी बदलली की संग्राहकाच्या लेखी हॅटची किंमत उतरते हे खरं, पण तुम्हाला ती डोक्यावर ठेवायची आहे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, बहुतेक त्यालाही माहीत नसेल. सशाचे केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून पूर्वी ते पाऱ्याच्या द्रावणाने भिजवायचे. त्या कामाने टोपी करणाऱ्यांचे हात थरथरायचे, डोकं फिरायचं. अमेरिकेत हा वापर १९४१ च्या डिसेंबरपासून बंद झाला. पण तो नियम अमेरिकेपुरता; केसाच्या जुन्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश राहिलेला असू शकतो. तुमची हॅट खरंच संस्थानकाळातली असेल तर हा धोका धरूनच चला. वाफ द्यायची ती उघड्यावर, गच्चीत, तोंडाला मास्क लावून. स्वयंपाकघरात कुकरवर मुळीच नको. हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान मुलांना खेळायला देऊ नका. रोज घालायची असेल तर मी स्वतः एवढी जुनी हॅट निवडणार नाही, पन्नास-साठच्या दशकातली बघेन. अधूनमधून घालायला, चांगल्या अस्तरासह, हरकत वाटत नाही.

भाव. साडेसहा हजार हा ठशाचा भाव आहे, हॅटचा नाही. चामडं गेलेलं, भोकं दोन, वास आहे, वर पट्टी आणि साचा यांचा खर्च तुमच्या अंगावर. बॅटरीच्या उजेडात चांदणं दिसलं नाही, चिमटा शाबूत निघाला आणि फितीखालचा रंग पटला तर मी अडीचपासून सुरू करून चार हजारांपर्यंत जाईन. यातलं एकही बिनसलं तर दीड, तेही नाटकासाठी. दुकानदार 'बोर्सालिनो आहे साहेब' म्हणाला तर शांतपणे म्हणा, 'पट्टी बोर्सालिनोची आहे, हॅटचं बघू.' आणि दिवसा जा. संध्याकाळी दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी रंगाच्या सगळ्या हॅट देखण्याच दिसतात.

घेतलीच तर घरात नेऊन थेट कपाटात ठेवू नका, तुमच्या बाकीच्या लोकरी कपड्यांचं वाटोळं होईल. आत चुरगळलेले कागद भरा, दोन जाड पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. माझ्याकडं त्यासाठी एक वेगळा जुना फ्रीज आहे. घरच्या फ्रीजमध्ये खाण्याशेजारी नको, पाऱ्याचं वर सांगितलंच. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर गार फेल्टवर हवेतलं पाणी धरतं. मग सावलीत, वाऱ्यावर चार दिवस, आणि मऊ ब्रशने केसांच्या कलाने, डावीकडून उजवीकडे गोल. तेलकट डागावर कोरडी मुलतानी माती भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी झटकून टाका. पाणी घालून लेप करायचा नाही. डांबरगोळ्या हॅटच्या आत टाकू नका. वास महिनोन्महिने जात नाही आणि घामाबरोबर कपाळावर उतरतो. ठेवायची ती उलटी, डोक्यावर, काठ वर. काठावर टेकवून ठेवलेली हॅट एका पावसाळ्यात बशीसारखी सपाट होते.

दुकानात जाल तेव्हा तीन फोटो काढा: फितीखालचा रंग, पट्टी खाली पाडून दिसणारी शिवण, आणि अंधारात आतून बॅटरी लावलेली हॅट. ते पाठवलेत तर पट्टी कुणाकडून करून घ्यायची आणि साचा कुठल्या मापाचा लागेल ते सांगतो. ठशाचा फोटो नाही पाठवलात तरी चालेल.